कचारगडची उत्पत्तिकथा

कचारगडची उत्पत्तिकथा ही गोंड समाजाच्या मौखिक परंपरेतील एक मध्यवर्ती कथा आहे. गोंडांचे आद्य पूर्वज किंवा देव एका गुहेत कोंडले गेले होते, लिंगो या आद्यगुरूने त्यांची मुक्तता केली आणि त्यांना कुळे, विवाहनियम व उपासनापद्धती दिली, असा या कथेचा गाभा आहे. ही गुहा म्हणजे महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात असलेली कचारगडची गुहा होय, अशी आज मोठ्या संख्येने गोंड बांधवांची श्रद्धा आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेला येथे जत्रा भरते.

ही कथा एकाच रूपात उपलब्ध नाही. एकोणिसाव्या शतकात नागपूर परिसरात लिहून घेतलेला पाठ, विसाव्या शतकात आदिलाबाद व बस्तर भागांत नोंदवलेले पाठ आणि १९८०च्या दशकापासून गोंड लेखकांनी मांडलेला कोया पुनेमचा पाठ यांत पात्रे, घटनाक्रम आणि गुहेचे ठिकाण यांबाबत लक्षणीय फरक आहेत. कथेमागे दडलेला इतिहास कोणता, कोंडणारा कोण आणि गुहा नेमकी कोठे, या प्रश्नांवर अभ्यासकांनी व श्रद्धावानांनी वेगवेगळे तर्क मांडले आहेत.

== स्थान ==

कचारगड हे ठिकाण गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगड व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या सीमांपासून जवळ आहे. गोंदिया–डोंगरगड लोहमार्गावरील दरेकसा हे जवळचे रेल्वे स्थानक असून डोंगराच्या पायथ्याशी धनेगाव हे गाव आहे. तेथून जंगलातील चढणीच्या वाटेने गुहेपर्यंत जावे लागते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या लेखनात हे ठिकाण भंडारा जिल्ह्यात दाखवलेले असते.

परिसरातील खडक डोंगरगड महासमूह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोन अब्ज वर्षांहून जुन्या शैलसमूहात मोडतात. गुहा नैसर्गिक आहे. तिचे दालन प्रशस्त असून एका वेळी मोठा जनसमुदाय आत उभा राहू शकतो. कचारगडची गुहा आशियातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा असल्याचे विधान पर्यटनविषयक मजकुरात वारंवार आढळते, परंतु ते टिकत नाही. मेघालयात २४ किलोमीटरपेक्षा अधिक लांबीच्या गुहांचे मोजमाप झालेले आहे आणि आकारमानाच्या दृष्टीने व्हिएतनाममधील सोन डूंग ही गुहा जगातील सर्वांत मोठ्या गुहांमध्ये गणली जाते. कचारगडचे महत्त्व मापात नसून कथेत आहे.

== कथेचे दोन प्रमुख पाठ ==

=== हिस्लॉपने नोंदवलेला पाठ ===

सर्वांत जुना विस्तृत लिखित पाठ स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या कागदपत्रांत आहे. हा पाठ एका परधानाच्या तोंडून उतरवून घेण्यात आला असून तो सुमारे एक हजार ओळींचा आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक व कुलकथाकार होत.

या पाठात गोंडांचे देव जन्माला येतात आणि रानोमाळ पसरतात. ते मिळेल ते खातात, अंघोळ करीत नाहीत आणि त्यांच्या अंगाला दुर्गंधी येते. त्यामुळे महादेव संतापतो. तो आपल्या अंगाच्या मळापासून एक खार निर्माण करतो आणि ती त्यांच्यामध्ये सोडतो. गोंड खारीच्या मागे धावतात, खार एका गुहेत शिरते, तेही आत शिरतात आणि महादेव प्रचंड शिळेने गुहेचे तोंड बंद करून भस्मासुराला पहाऱ्यावर बसवतो. मागे राहिलेले चौघे तेवढे वाचतात आणि काचीकोपा लोहागड या ठिकाणी आश्रय घेतात. पुढे पार्वतीला गोंडांचा नेहमीचा वास येईनासा होतो. ती त्यांच्यासाठी उपवास धरते आणि मग देवाच्या इच्छेने एका फुलातून लिंगोचा जन्म होतो. मध खाऊन तो वाढतो.

लिंगो त्या चौघा भावांना भेटतो, त्यांच्यासोबत रान तोडून शेती करतो आणि विस्तवाच्या शोधात रिकाद गवाडी नावाच्या राक्षसाच्या शेतावर जातो. तेथे तो आपले वाद्य वाजवतो व म्हातारा राक्षस नाचू लागतो. राक्षसाच्या सात मुलींशी चौघा भावांची लग्ने होतात. लिंगो मात्र लग्न नाकारतो. वहिन्या त्याच्यावर खोटा आळ घेतात. भाऊ त्याला मारतात आणि त्याच्या डोळ्यांच्या गोट्या करून खेळतात. देवाने पाठवलेल्या अमृताने जिवंत झालेला लिंगो उरलेल्या गोंडांच्या शोधात महादेवाकडे पोहोचतो. महादेव सुटकेची अट म्हणून बिंदो नावाच्या पक्ष्याची पिल्ले मागतो. ही पिल्ले दरवेळी खाऊन टाकणाऱ्या सर्पाला लिंगो ठार करतो आणि कृतज्ञ पक्षीच त्याला पिल्लांसह महादेवाकडे घेऊन जातात. शिळा सरकते, गोंड बाहेर येतात. वाटेत पूर आलेली नदी ते कासवाच्या मदतीने ओलांडतात. शेवटी लिंगो त्यांची कुळांत विभागणी करतो, पर्सापेनची उपासना व विवाहविधी शिकवतो, कासवाला दिलेले वचन पाळण्यास सांगतो आणि अंतर्धान पावतो.

=== कोया पुनेमचा पाठ ===

आज कचारगडच्या जत्रेत सांगितला जाणारा पाठ यापेक्षा बराच वेगळा आहे. त्यात कोंडले गेलेले सर्व प्रौढ पूर्वज नसून कली कंकाली या मातेची तेहेतीस मुले आहेत. रायतार जंगो ही त्यांचे पालनपोषण करते. मुले अतिशय खोडकर असल्यामुळे शंभू त्यांना शिक्षा म्हणून गुहेत कोंडतो आणि तोंडावर शिळा ठेवतो. मातेच्या आकांताने व्याकूळ झालेल्या जंगोच्या विनंतीवरून पहांदी पारी कुपार लिंगो हिरासुका पाटालीर या संगीतकाराला सोबत घेऊन गुहेपाशी येतो. हिरासुका किंगरी वाजवू लागतो, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ संचारते आणि ती एकजुटीने शिळा ढकलतात. शिळा गडगडत खाली येते व हिरासुका तिच्याखाली सापडून मरण पावतो. मुक्त झालेले तेहेतीस जण लिंगोचे शिष्य होतात आणि त्यांच्याकडून बारा सगा व साडेसातशे गोत्रांची व्यवस्था समाजात पसरते.

दोन्ही पाठांतील सर्वांत ठळक फरक शिळा कशी हलते यात आहे. पहिल्या पाठात सुटका ही देवाच्या अटीची पूर्तता केल्याने मिळते. दुसऱ्यात ती संगीतामुळे आणि कोंडलेल्यांच्या स्वतःच्या बळाने होते, आणि तिची किंमत कलावंत आपल्या प्राणाने चुकवतो. हिरासुकाचे पात्र आदिलाबादच्या परंपरेतही पहिला परधान म्हणून येते. त्यामुळे ते नव्या लेखकांनी रचले असे म्हणता येत नाही. उलट, परधानाकडूनच मिळालेल्या हिस्लॉपच्या पाठात लिंगो स्वतःच वाद्य वाजवतो, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

== लेखनाचा इतिहास ==

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर प्रांतात आला. तो हौशी भूगर्भशास्त्रज्ञही होता व नागपूर परिसरातील जीवाश्मांवरील त्याचे काम प्रसिद्ध आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन दफनस्थळांची पाहणी करून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्याचा मृत्यू झाला. आदिवासींविषयीची त्याची टिपणे त्या वेळी अपुरी होती. मध्य प्रांताचे तत्कालीन प्रमुख रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये नागपूर येथे प्रकाशित केली. म्हणजे कथेचा हा आधारभूत मानला गेलेला पाठ सांगणारा परधान निनावी आहे, उतरवून घेणारा प्रकाशनापूर्वी मरण पावला आणि अंतिम रूप एका प्रशासकाच्या हातून आले. पुढील जवळजवळ प्रत्येक इंग्रजी लेखकाने याच पाठाचा आधार घेतला.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ याच्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथात (१८७१) ही कथा इंग्रजी पद्यात येते. त्यासाठी त्याने अमेरिकन कवी लाँगफेलो याच्या 'हायावाथा' या काव्याचा छंद वापरला. ते काव्य स्वतः उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या कथांवर बेतलेले होते. त्यामुळे इंग्रजी वाचकांपर्यंत लिंगो पोहोचला तो दुसऱ्याच खंडातील नायकाच्या चालीवर. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात (१९१६) गोंडांवरील प्रकरणात हिस्लॉपच्या पाठाचा सारांश आहे.

स्वतंत्र पाठ नोंदवण्याचे काम त्यानंतर झाले. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुरिया गोंडांवरील ग्रंथात बस्तरमधील लिंगो येतो. तेथे तो घोटुलचा संस्थापक आणि अठरा वाद्ये वाजवणारा आहे. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांचे पुराण व विधी यांवर ग्रंथ लिहिला. त्यात कली कंकाली, शंभू, जंगुबाई, पहांदी कुपार लिंगल अशी कोया पुनेमच्या पाठाशी जुळणारी पात्रे आहेत. आजचा कचारगडचा पाठ हिस्लॉपपेक्षा या दक्षिणेकडील परंपरेला अधिक जवळचा आहे.

गोंड समाजातील अभ्यासकांनी ही कथा स्वतः लिहिण्यास सुरुवात केली, तेव्हा तिच्या इतिहासातील महत्त्वाचे वळण आले. नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुक्यात जन्मलेले मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) हे भारतीय रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत असतानाच गोंडी भाषा, व्याकरण, शब्दकोश व धर्मपरंपरा यांवर लिहीत राहिले. 'पारी कुपार लिंगो कोया पुनेम दर्शन' हा त्यांचा हिंदी ग्रंथ आज अनेक गोंड कुटुंबांत धर्मग्रंथाच्या आदराने वाचला जातो. 'गोंडवाना दर्शन' या मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम यांनीही या मांडणीचा प्रसार केला.

== काचीकोपा लोहागड कोठे? ==

कथेतील स्थळनामांचा नकाशावर शोध घेण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. हिस्लॉपच्या पाठात काचीकोपा लोहागड हे नाव लाल डोंगरातील लोखंडाची दरी अशा अर्थाने घेतले गेले, तर महादेवाचे स्थान धवलगिरीवर दाखवलेले आहे. धवलगिरी हे हिमालयातील शिखराचे नाव असल्याने गोंडांचे मूळ उत्तरेकडे असल्याचा तर्क काहींनी केला. हा तर्क कमकुवत आहे. गोंडी ही द्राविड कुलातील भाषा आहे, तिच्या जवळच्या भाषा मध्य व दक्षिण भारतात आहेत आणि पुराणकथेतील प्रतिष्ठित पर्वतनाम गायकाने ऐकीव माहितीवरून घेतले असण्याची शक्यता अधिक आहे. शंभूचे स्थान सातपुड्यातील पचमढीच्या महादेव डोंगरांत मानणारी परंपरा भौगोलिकदृष्ट्या अधिक सुसंगत आहे.

कचारगडशी जोडणी मुख्यतः तीन गोष्टींवर उभी आहे. पहिली नावाची. कोया पुनेमच्या लेखनात गुहेचे नाव कोयली कचार लोहगड असे येते आणि ते काचीकोपा लोहागड या जुन्या नावाशी जुळते. दुसरी भूमीची. परिसरातील खडकांत लोहधातुक आढळते आणि स्थानिक व्युत्पत्ती डोंगराचे नाव त्याच्याशीच जोडते. तिसरी, आणि प्रत्यक्ष भेट देणाऱ्यांना सर्वाधिक पटणारी, म्हणजे गुहेचे रूप. प्रचंड दालन, उघडे मुख आणि उतारावर पडलेल्या शिळा पाहिल्यावर कथेतील प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो.

यांपैकी कोणतीही गोष्ट पुरावा म्हणून निर्णायक नाही. मध्य भारतात लोहधातुक असलेले डोंगर पुष्कळ आहेत. शिवाय हिस्लॉपच्या पाठात एक अडचण आहे, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. त्यात काचीकोपा लोहागड हे कोंडले गेलेल्यांचे ठिकाण नाही, तर निसटलेल्या चौघांच्या आश्रयाचे ठिकाण आहे. कोंडवाड्याची गुहा वेगळी आहे. दोन्ही ठिकाणे एकच होणे ही कथेच्या पुढील प्रवासात घडलेली गोष्ट असावी. पाठ बदलत असताना स्थळे एकवटणे हे मौखिक परंपरेत नेहमीचे आहे.

गुहेच्या सन्मानाचे दावेदारही एकापेक्षा अधिक आहेत. महाराष्ट्र–तेलंगणा सीमेवर केरामेरी परिसरात जंगुबाईचे गुहास्थान असून तेथे पौष महिन्यात दोन्ही राज्यांतील गोंड यात्रेला जातात. बस्तरच्या उत्तर भागातील सेमरगाव येथे लिंगोपेनचे स्थान आहे. ही स्थाने परस्परांची प्रतिस्पर्धी मानली जात नाहीत. अनेक कुटुंबे एकाहून अधिक ठिकाणी जातात आणि कथेचा एकेक प्रसंग एकेका ठिकाणी घडल्याचे सांगतात.

== अन्वयार्थ ==

=== समाजरचनेची सनद ===

मानवशास्त्रज्ञांनी या कथेकडे प्रामुख्याने समाजनियमांचे समर्थन करणारी कथा म्हणून पाहिले. गोंडांची कुळे ती पूजत असलेल्या देवांच्या संख्येनुसार गटांत विभागली जातात. आदिलाबादमध्ये सात, सहा, पाच व चार देवांचे असे चार गट असून त्यांना अनुक्रमे येरवेन, सारवेन, सीवेन व नालवेन सगा म्हणतात. एकाच सगातील स्त्री-पुरुषांचा विवाह निषिद्ध असतो. कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाचा सोयरा हे गुहेतून बाहेर पडणाऱ्यांच्या गटांवरून ठरते. त्यामुळे कथा ठाऊक असणे ही लग्न जुळवताना लागणारी व्यावहारिक गरज होती. परधान आपल्या यजमान कुळाची कथा सांगे, तेव्हा तो त्या कुळाच्या नात्यांचा लेखाजोखाच मांडत असे.

साडेसातशे गोत्रांचा आकडा या दृष्टीने लक्षवेधी आहे. विदर्भ व छत्तीसगडमध्ये घरांच्या भिंतींवर, वाहनांवर आणि झेंड्यांवर '७५०' हा आकडा लिहिलेला दिसतो. सात अधिक पाच म्हणजे बारा, म्हणून हा आकडा बारा सगांचेही सूचन करतो, अशी उकल सांगितली जाते. प्रत्यक्ष वापरातील गोत्रनामे प्रदेशानुसार बदलत असल्याने हा आकडा गणना म्हणून न घेता संपूर्णतेचे चिन्ह म्हणून घेणे अधिक योग्य ठरते.

=== पराभवाची स्मृती ===

गुहेत कोंडले जाणे हे पराभवाचे रूपक आहे, असे दुसरे वाचन आहे. या मतानुसार शिळा ही बाहेरून आलेल्या सत्तेने लादलेली बंदी असून सुटका म्हणजे समाजाचे पुनरुत्थान होय. गढा-मंडला, देवगड, खेरला व चांदा येथे राज्ये असलेल्या आणि पुढे ती गमावलेल्या समाजात असे वाचन रुजणे स्वाभाविक आहे. या वाचनातील अडचण कोंडणाऱ्याच्या ओळखीची आहे. कोंडणारा परका असेल, तर तो शंभू कसा? कारण शंभू हा कोया पुनेममध्ये स्वतःच पूज्य आहे.

यावरचे कोया पुनेमच्या लेखकांचे उत्तर असे की, हिस्लॉपच्या पाठातील महादेव-पार्वती ही नंतरच्या हिंदू प्रभावाखाली झालेली भर आहे. शंभू हा मूळचा गोंड परंपरेतील असून ते एका व्यक्तीचे नाव नसून पदवी आहे आणि शिक्षा ही पित्याने मुलांना दिलेल्या शिक्षेसारखी आहे. हिंदू देवतांचा या गीतात शिरकाव झाला असावा हे ब्रिटिशकालीन लेखकांनीही नमूद केले होते. परंतु त्या थराखाली नेमका कोणता मूळ पाठ होता हे मजकुरावरून सिद्ध करता येत नाही, कारण त्याआधीचा लिखित पाठच नाही. गोंडांच्या अंगाला दुर्गंधी येते म्हणून देव संतापतो, या प्रसंगाबाबत मात्र आक्षेप समजण्यासारखा आहे. हा तपशील आजच्या जत्रेत सांगितल्या जाणाऱ्या पाठात राहिलेला नाही आणि त्याच्या जागी मुलांचा खोडकरपणा आला आहे.

=== तुलनात्मक दृष्टी ===

पूर्वज भूगर्भातून किंवा गुहेतून बाहेर आल्याची कल्पना जगात अनेक ठिकाणी आढळते. पेरूमधील इंका राजघराणे आपली उत्पत्ती पकारितांबो येथील गुहेतून बाहेर आलेल्या चार भाऊ व चार बहिणींपासून सांगत असे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील होपी लोकांच्या कथेत मानव खालच्या जगांतून वर चढून येतात. ऋग्वेदात वल नावाच्या असुराने कोंडलेल्या गाईंची सुटका इंद्र करतो. तेथेही कोंडवाडा फोडण्यात गायन व मंत्रोच्चार यांना महत्त्व आहे. किंगरीच्या प्रसंगाशी सर्वांत जवळचे साम्य मात्र जपानच्या 'कोजिकी' (इ. स. ७१२) या ग्रंथात सापडते. त्यात रुसून गुहेत दडलेल्या सूर्यदेवतेला बाहेर काढण्यासाठी देव गुहेच्या तोंडाशी नृत्य व गलका करतात. अशी साम्ये एका कथेचा दुसरीवर प्रभाव सिद्ध करीत नाहीत. गुहेच्या आतून ऐकू येणारा आवाज हा अनुभवच सर्वत्र सारखा आहे, एवढे म्हणता येते.

== सिंधू संस्कृतीशी जोडणी ==

सर्वांत वादग्रस्त तर्क काळाविषयीचा आहे. कोया पुनेमच्या काही मांडण्यांमध्ये लिंगोचा काळ कित्येक हजार वर्षे मागे नेला जातो आणि त्याचा संबंध सिंधू संस्कृतीशी जोडला जातो. कंगाली यांनी सिंधू मुद्रांवरील लिपीचे गोंडीच्या आधारे वाचन प्रसिद्ध केले. द्राविड भाषेचा संबंध सुचवणारे ते एकटे नाहीत. फिनलंडचे आस्को पारपोला व तमिळनाडूचे इरावतम् महादेवन यांनीही सिंधू लिपीमागे द्राविड भाषा असल्याचे मत मांडले आहे. तथापि त्यांची मांडणी एका विशिष्ट आधुनिक भाषेपर्यंत जात नाही. सिंधू लेखांची सरासरी लांबी पाच चिन्हांच्या आसपास आहे, द्विभाषिक लेख सापडलेला नाही आणि लिपीचे कोणतेही वाचन आजवर सर्वमान्य झालेले नाही. गोंडीतील वाचनही याला अपवाद नाही.

गोंडीच्या लेखनाविषयी निश्चित माहिती आहे ती अलीकडच्या काळाची. १९१८ मध्ये बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. आदिलाबाद भागातील गुंजाला येथे दुसऱ्या एका गोंडी लिपीतील हस्तलिखिते सापडली. मसराम गोंडी लिपीचा २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडीचा २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समावेश झाला. २०११च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. सिंधू लिपीच्या वाचनाला शास्त्रीय मान्यता नसतानाही ते लोकप्रिय का आहे, याचे एक उत्तर येथे मिळते. शाळेत न शिकवल्या जाणाऱ्या आणि दीर्घकाळ 'बोली' म्हणून हिणवल्या गेलेल्या भाषेला या तर्काने उपखंडातील सर्वांत जुन्या नगरांचा वारसा मिळतो.

== जत्रा आणि कथेचे आजचे रूप ==

कचारगडची सध्याची जत्रा प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात कंगाली, ताराम व त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी येथे माघ पौर्णिमेला एकत्र येण्यास आरंभ केला. स्थानिक लोक डोंगराला त्यापूर्वीही मानत असत. त्या स्थानाला सर्व गोंडांच्या उत्पत्तिस्थानाचा दर्जा मात्र या प्रयत्नांतून मिळाला. पुढे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा व झारखंड येथून भाविक येऊ लागले आणि आज ही देशातील मोठ्या आदिवासी यात्रांपैकी एक मानली जाते. जत्रा अनेक दिवस चालते. धनेगावहून पालखी व सप्तरंगी ध्वजांसह मिरवणूक निघते, पायथ्याशी कली कंकालीचे व पुढे गुहेत पूर्वजांचे पूजन होते आणि परस्परांना 'जय सेवा' म्हणून अभिवादन केले जाते. गोंडी भाषा, शिक्षण व हक्क यांवरील सभा-संमेलने हाही जत्रेचा नियमित भाग आहे.

परंपरा नव्याने बांधली गेली म्हणून ती खोटी ठरत नाही. महाराष्ट्रातील कित्येक उत्सवांचे सार्वजनिक रूप गेल्या दीडशे वर्षांतलेच आहे. कचारगडच्या बाबतीत वेगळेपण एवढेच की, येथे स्थान, कथा व ग्रंथ तिन्ही जवळजवळ एकाच पिढीच्या हातून एकत्र बांधले गेले आणि ती माणसे कोण होती हे नावानिशी ठाऊक आहे.

कथेच्या कोणत्या पाठाला मान्यता मिळते याला धार्मिक ओळखीच्या प्रश्नाचीही बाजू आहे. जनगणनेत सहा प्रमुख धर्मांव्यतिरिक्त नोंदवलेले धर्म 'इतर' या सदरात मोजले जातात. गोंडी किंवा कोया पुनेम या धर्माला स्वतंत्र स्थान मिळावे, अशी मागणी अनेक संघटना करतात, तर काही आदिवासी संघटना सर्व आदिवासींसाठी एकच सामाईक रकाना मागतात. कोंडणारा देव हिंदू पुराणांतील महादेव होता की गोंडांचा स्वतःचा शंभू, हा प्रश्न त्यामुळे केवळ पाठचिकित्सेचा राहत नाही. महादेव मानल्यास गोंड हे हिंदू परंपरेचीच एक शाखा ठरतात, असा युक्तिवाद एका बाजूने होतो आणि शंभू मानल्यास स्वतंत्र धर्माचा दावा बळकट होतो, असे दुसरी बाजू म्हणते. माघ पौर्णिमेला गुहेकडे चढणाऱ्यांमध्ये दोन्ही मतांची माणसे असतात.

मौखिक कथनाचे माध्यमही बदलले आहे. परधानांची संख्या व त्यांना मिळणारा आश्रय घटल्यामुळे रात्रभर चालणारे किंगरीवरील गायन दुर्मीळ झाले असून, जत्रेत कथा आता मुख्यतः भाषणांतून, पुस्तिकांतून व ध्वनिमुद्रित गीतांतून सांगितली जाते. छापील पाठ सर्वत्र सारखाच असल्याने गावागावांतील तपशीलभेद कमी होत आहेत. कासव, बिंदो पक्षी आणि रिकाद गवाडी यांचे प्रसंग या पुस्तिकांत सहसा नसतात.